खंडेनवमीचा आकडा

चप्पल काढतानाच शुभांगी थबकली. जिन्याखालच्या खोलीतून पंख्याची घरघर येत नव्हती.

महिनाभर तिचा कॉम्प्युटर अखंड चालू होता. दोनला दोनने कोट्यवधी वेळा गुणून त्यातून एक वजा केल्यावर उरणारी एक संख्या तो तपासत होता. लिहून काढली असती तर इथून, सूसच्या घरापासून, पौडला जाऊन परत आली असती, एवढी लांबलचक. ती मूळ संख्या आहे की कशाने तरी भाग जाऊन तुटते, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. पद्धत सरळ होती, पण मेली चिवट: वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्या संख्येने भागून बाकी घ्यायची, त्या बाकीचा पुन्हा वर्ग. एकही पायरी गाळता येत नाही. शेवटी बाकी शून्य आली तर मूळ. नाहीतर तुटते एवढंच कळतं, कशाने तेही नाही.

आज संध्याकाळी उत्तर येणार होतं. पौडच्या कॉलेजात दिवसभर ती फळ्यावर लिहीत होती, जीव मात्र घरी टांगलेला.

खोलीत कॉम्प्युटर लख्ख पुसलेला होता. त्यावर हळदकुंकू, झेंडूची माळ. तो हलवायला नको म्हणून विळा, खुरपं, ट्रॅक्टरची किल्ली सगळं त्याच्यापाशी आणून मांडलेलं. भिंतीतून काढलेली वायर नीट गुंडाळून ठेवली होती.

"आई, हे कुणी बंद केलं?"

"मी," तिच्या सासूबाई, गोजराबाई, म्हणाल्या. "खंडेनवमी हाय. आज अवजारं चालवत न्हाईत."

शुभांगी वायरीपाशी खाली बसली. मधला हिशेब जपून ठेवायची सोय वेग वाढावा म्हणून तिनेच बंद केली होती. आता सगळं पहिल्या पायरीपासून. तिला ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कुणावर? सासरे या यंत्राला वीज खाणारी पेटी म्हणत. गेल्या नवमीला त्याला साधं कुंकूही लागलं नव्हतं. आज पहिल्यांदाच सासूबाईंनी त्याला अवजारांच्या पंगतीत बसवलं होतं.

तिने कसंबसं सांगितलं, महिन्याचं काम गेलं. गोजराबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईने वायर उचलली, सॉकेटपर्यंत नेली.

"लावू का गं परत? देव रागवायचा न्हाई."

शुभांगीने त्यांच्या हातातून वायर घेतली. लावली तर आत्ताच पहिली पायरी सुरू झाली असती. "उद्या लावू, आई," म्हणत तिने वायर परत खुरप्याशेजारी ठेवली. मग उठली, दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"पर तो आकडा," गोजराबाईंनी भीतभीत विचारलं, "उद्यापातूर ऱ्हाईल ना?"

"त्याला काय होतंय, आई. तुटायचा असेल तर आधीपासूनच तुटलेला आहे," शुभांगी म्हणाली. "मलाच दम निघत नाही."