शेवटच्या पानाची दुरुस्ती

थोरल्यानं आईवर पुस्तक लिहिलं आणि ऑनलाइन छापलंसुद्धा. कुणी मागवलं की तेवढीच एक प्रत छापायची, अशी ही नव्या तऱ्हेची छपाई. आईची प्रतही कंपनीनंच परस्पर घरी धाडली. सहा वर्षांत ज्याला घरी यायला सवड झाली नाही, तो पुस्तक द्यायला कशाला येतोय!

चार यत्ता शिकलेल्या आईनं शिवणकाम बाजूला सारलं आणि अक्षराअक्षरावर बोट ठेवत नऊ दिवसांत पुस्तक संपवलं. दहाव्या दिवशी त्याचा फोन आला.

"आई, वाचलंस का? लोक ढसाढसा रडताहेत गं!"

"रडतील नाहीतर काय! शेवटी मारून टाकलंयस मला."

"अगं, पुस्तकाला तसा शेवट लागतो. बाकी कुठं काही खोटं वाटलं तर बिनधास्त सांग. फाईल बदलली की पुढची प्रत दुरुस्त होऊनच निघते."

"असं होय! मग शेवटचं पान तेवढं बदल बाबा. मी मरते, ते राहू दे."

"मग काय बदलू?"

 

"तू माझा हात धरून बसलायस, ते काढ."