शेरा: शांत

चालू यंत्रातून त्याने डिस्क ओढून हातात घेतली, आणि पडद्यावरची वेगाची हिरवी रेघ हललीसुद्धा नाही.

त्याने घड्याळ पाहिलं. एक मिनिट. दोन मिनिटं. रेघ सरळच्या सरळ. त्याने आणखी एक डिस्क ओढली. तरी काही नाही. खिशातला फोनही गप्प. त्याने तक्त्यात दुसऱ्या यंत्राच्या नावापुढे शेरा लिहिला, 'शांत'. ते यंत्र त्याला आवडलं. हल्ली काही आवडण्याची त्याला सवय राहिली नव्हती.

चाळीस दवाखान्यांतले तपासणीचे रिपोर्ट या गार खोलीत साठवलेले असत. ते सांभाळणं हे त्याचं काम, म्हणून ऑफिसात सगळे त्याला साठेबाज म्हणत. गरगर फिरणाऱ्या डिस्कची जुनी कपाटं आता थकली होती. त्यांच्या जागी नुसत्या फ्लॅशवर चालणारं, आत काहीच न फिरणारं यंत्र घ्यायचं होतं. दोन कंपन्यांनी एकेक यंत्र पंधरा दिवस वापरून बघायला दिलं होतं. त्यातलं कोणतं घ्यायचं, हे साठेबाजाने चार वाजेपर्यंत सांगायचं होतं. वेग झाला, वीज झाली, जागा झाली. उरली होती ती भर कामात डिस्क काढून बघण्याची परीक्षा. पहिलं यंत्र त्या परीक्षेत जरासं दचकलं होतं, रेघ क्षणभर खाली आली होती. तेवढ्यावरून ते त्याच्या मनातून उतरलं.

एक वाजता लेकीचा फोन आला. रोज याच वेळी यायचा.

"बाबा, जेवलास?"

"हो."

"घरी सगळं ठीक आहे. मग सोमवारी जाऊ ना मी?"

ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. आई गेल्यावर रजा काढून राहिली होती, आणि आता रजा संपत आली होती. हा प्रश्न तिने चार दिवसांत चौथ्यांदा विचारला होता.

"जा ना. सुरळीत चाललंय सगळं."

त्याच्या मते ते खरंच होतं. बायको जाऊन बत्तीस दिवस झाले होते आणि घरात रडारड नव्हती. डबा भरलेला असे, शर्टाला इस्त्री असे. भेटायला येणारे लोकही तिसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले, ते कसे, हे त्याने विचारलं नव्हतं. त्याला स्वतःलाही काही होत नव्हतं. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तसा तो आतून बधिर होता. हात लावला तरी कळू नये असा.

तीन वाजता दुसऱ्या यंत्राच्या कंपनीची इंजिनिअर तक्ता बघायला आली. शेरा वाचून बाईंना आनंद व्हायला हवा होता. उलट कपाळावर आठी पडली.

"शांत म्हणजे? फोनवर अलर्ट नाही आले?"

"एकही नाही. म्हणून तर आवडलं."

"अहो, दोन डिस्क गेल्यावर गप्प बसणारं यंत्र मी विकीन का? याने बोंब मारायला हवी होती!"

ती खुर्ची ओढून बसली आणि यंत्राची नोंद उघडली. यंत्राने बोंब मारली होती. चांगली अकरा वेळा. अकराच्या अकरा अलर्ट ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत पोचले होते. तिथून साठेबाजाच्या फोनकडे जाणारी वाट तेवढी बंद होती.

"तुमचं नाव कुणीतरी म्यूट करून ठेवलंय," ती म्हणाली. "तेहेतीस दिवस झाले."

कुणीतरी कशाला, त्यानेच केलं होतं. हॉस्पिटलच्या खोलीत, पलंगाशेजारच्या पत्र्याच्या टेबलावर फोन सारखा थरथरत होता. बायको डोळे न उघडता म्हणाली होती, "बंद कर ना रे ते." त्याने आपल्या नावाचे ऑफिसचे अलर्ट बंद केले. दुसऱ्या दिवशी ती गेली, आणि पुन्हा चालू करायचं राहूनच गेलं.

"मग इतके दिवस काही बिघडलंच नाही?" त्याने विचारलं.

इंजिनिअरने पडदा त्याच्याकडे वळवला. जुन्या कपाटांचे दोनशे चौदा अलर्ट. नऊ डिस्क गेलेल्या, नऊ बदललेल्या. प्रत्येक ओळीपुढे काम निस्तरणाऱ्याचं नाव एकच होतं, मास्तरचं. मास्तर म्हणजे शेजारच्या टेबलावरचा त्याचा सहकारी. साठेबाज रोज सकाळी त्याला "काही विशेष?" विचारायचा. मास्तर रोज म्हणायचा, "काही नाही रे, तू बस."

काचेपलीकडे मास्तर मान खाली घालून काम करत होता. त्याचे डोळे सुजलेले होते. ते आजच सुजले नव्हते, साठेबाजाला आज दिसले.

त्याने तक्त्यातला शेरा खोडला. मग लेकीला फोन लावला. बत्तीस दिवसांत त्याने आपणहून लावलेला हा पहिलाच.

"काय झालं, बाबा?" ती घाबरून म्हणाली.

"आई गेल्यापासून मला न सांगता तू काय काय निस्तरलंस?"

"काही नाही रे. सगळं ठी..."

शब्द तिथेच अडकला. पलीकडून आधी एक बारीकसा आवाज आला, मग मोठा. तो आवाज गिळायचा प्रयत्न करत ती घाईघाईने म्हणाली, "थांब, मी नंतर करते फोन."

बधिर हिरडीत जाग यावी तसं त्याला आत कुठेतरी दुखलं.

"ठेवू नकोस," तो म्हणाला. "येऊ दे सगळं."