लच्छा

अब्बा गेले त्या दिवशी बाया अम्मीच्या गळ्यातला लच्छा उतरवायला पुढे आल्या. नवरा गेला की काळ्या मण्यांची ती पोत काढायची, ही आमच्यातली रीत. तेवढ्यात थोरले काका उंबऱ्यातून म्हणाले, "निकाह झालाच नाही, तर ही बेवा कसली?" निकाह लावणारे काझी कधीच वारले होते आणि निकाहनामा घरात कुठेच सापडत नव्हता. अम्मीने बायांचे हात बाजूला केले. "रहने दो. कोर्ट बीवी बोले, तबीच उतारतूं." तिने बायको म्हणून अब्बांच्या वाट्यावर दावा लावला आणि तेव्हापासून लच्छा गळ्यातच राहिला. आमच्या मोहल्ल्यात, विजापूर वेशीत, बाया तिला बघून तोंडाला पदर लावायच्या; खालच्या कोर्टात अम्मी हरली तेव्हा काकांनी पेढे वाटले. ती मात्र अपिलाच्या तारखांना कोल्हापूरच्या हायकोर्टातही लच्छा पदरावर काढून, सगळ्यांना दिसेल असा घालून बसायची. आज दुपारी वकीलबाईंचा फोन आला. "निकाहनामा नाही म्हणून निकाह खोटा ठरत नाही, असं कोर्टाने म्हटलंय. शेजाऱ्यांनी पाहिलेला तुमचा संसार हाच पुरावा." भाकरी थापता थापता अम्मीने एवढंच विचारलं, "बीवी बोले ना?" "हो. कायदेशीर पत्नी." तिने हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि गल्ली ओलांडून काकांच्या दारात उभी राहिली. सगळी गल्ली गोळा झाली. अम्मीने मान ताठ ठेवून लच्छा उतरवला आणि मुठीत घेतला. "देखो भाईसाब," ती म्हणाली, "अब मैं बेवा हुई."