कर्दळीचा वाफा

उपटलेल्या कर्दळीची मुळं निशिगंधाच्या बोटांत लगदा होऊन गळून पडली. तिने ते रोप बाजूला फेकलं आणि पुढचं उपटलं. तेही तसंच. वर पानं पिवळी, कडा करपलेल्या. खाली काही शिल्लकच नाही.

हा वाफा म्हणजे तिचं पीएचडीचं काम. मानसरोवर या उपनगरातल्या त्यांच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत लांबट हौद बांधून त्यात खडी भरली होती आणि खडीत कर्दळ लावली होती. एका विंगच्या न्हाणीघरांचं, स्वयंपाकघरांचं सांडपाणी आधी चेंबरमध्ये यायचं, तिथून खडीत शिरायचं. मुळांशी वाढणारे जिवाणू त्यातली घाण खायचे आणि पलीकडून बागेला घालण्याजोगं पाणी बाहेर पडायचं. मतलब, पडायला हवं होतं. उन्हाळ्यापर्यंत पडतही होतं.

या वाफ्यापायी तिने काय काय सोसलं होतं! पूजेसाठी फुलं ओरबाडणाऱ्या बायका सोसल्या. रंगाचे ब्रश मोरीत धुणारे भाडेकरू सोसले. ‘मॅडम, ये नाला कब बंद होगा?’ असं नेमाने विचारणारा वॉचमन सोसला. पण सगळ्यांवर कडी होती ती सोसायटीचे सेक्रेटरी शेखावतजी यांची. चेंबरला वास मारतो, हे त्यांचं प्रत्येक मीटिंगमधलं पालुपद. वाफा बुजवून तिथे स्कूटर लावायला जागा करावी, हा त्यांचा ठराव तिने कसाबसा लांबणीवर टाकला होता. अलीकडे मात्र ते गप्प होते. का गप्प आहेत, हे विचारायला तिला फुरसत नव्हती. तिची कर्दळ मरत होती. नवी रोपं लावावीत, ती आठवड्याभरात माना टाकत. शेवटी गाइडनी फोनवर सांगून टाकलं, महिनाअखेरपर्यंत वाफा सावरला नाही तर हा प्रयोग सोडा आणि दुसरा विषय शोधा.

एरवी ती दुपारी पाणी तपासायला नेत असे. त्या शनिवारी वैतागून सकाळीच बाटली भरून नेली, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये खुर्चीत बसूनच राहिली. पाण्यात क्लोरीन होतं. भरपूर होतं. दुपारपर्यंत ते उडून जात असणार, म्हणून आजवर सापडलं नव्हतं. कुणीतरी चेंबरमध्ये ब्लीचिंग पावडर टाकत होतं. जिवाणू मेले होते, मुळं जळली होती. आणि सोसायटीत ती पावडर एकाच ठिकाणी मिळायची. पाण्याच्या टाक्या धुण्यासाठी आणलेली गोणी स्टोअरमध्ये कुलपात असे. कुलपाची किल्ली शेखावतजींकडे.

संध्याकाळी मीटिंग होतीच. मेट्रोतून उतरून ती घरीही न जाता थेट खालच्या हॉलमध्ये शिरली आणि सगळ्यांसमोर बोलली. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. वास सहन होत नव्हता तर तोंडावर सांगायचं, असं चोरून विष घालायचं नाही, इथपर्यंत ती बोलून गेली.

शेखावतजी ताडकन उठले. आता ते सगळा हॉल डोक्यावर घेणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी एवढंच विचारलं, की झाडं नक्की त्या पावडरीनंच मेली का. तिने ठणकावून हो म्हटलं.

ते सावकाश म्हणाले, “तो फिर गलती मेरी है, बेटा. पावडर मेरे ही स्टोर से गया.”

त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला, आता दुसरा सेक्रेटरी बघा म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले. कुणी अडवलं नाही. कुणीतरी निशिगंधाची पाठ थोपटली. कित्येक महिन्यांनी तिला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. बाबांच्या बँकेतल्या बदलीने सांगली सोडून इकडे हिंदी मुलखात येऊन इतकी वर्षं झाली, तरी हिंदीत बोलायचं म्हटलं की ती आधी पदर सावरून घेई. सोसायटीच्या मीटिंगला ती कधी जात नसे. निशिगंधाने पर्स फेकली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शेखावतजींनीच पावडर टाकली, तिनेच झाडं मेली, आणि शेवटी कसं मुकाट्याने कबूल करावं लागलं.

आईचा हात मेथीच्या जुडीत तसाच राहिला.

“पावडरीनं मेली?” ती म्हणाली. “ती पांढरी?”

“हो. का?”

“अगं, ती मी टाकत होते.”

निशिगंधा खाली बसली.

आई खाली मान घालून सांगत होती. लिफ्टमध्ये बायका बोलायच्या. आपकी बेटी का गटर, म्हणायच्या. तिला ऐकवत नसे. वास गेला की तोंडं बंद होतील, म्हणून तिने शेखावतजींकडे पावडर मागितली. त्यांनी डबा भरून दिला. रोज पहाटे, दुधाच्या पिशव्या आणायला उतरली की ती मूठभर टाकून यायची. वास गेला. बायकाही गप्प झाल्या. निशिगंधाने घरी कधी काही सांगितलं नव्हतं, पहाटेच्या अंधारात वाफाही दिसत नसे; लेकीचं काम आता सुरळीत चाललंय, असंच तिला वाटत होतं.

“मग ते बोलले का नाहीत?” निशिगंधाने विचारलं. “एवढ्या लोकांत मी त्यांना वाटेल ते बोलले, आई. तुझं नाव का नाही घेतलं त्यांनी?”

आईने पदराने डोळे टिपले.

“मीच म्हटलं होतं, निशीला कळू देऊ नका, बायकांची बोलणी कळली तर तिला वाईट वाटेल. तर शब्दच दिला त्यांनी. म्हणाले, बहनजी, जबान दी.”