अकरा सेंटिमीटरचा सांधा

सांधा काही केल्या जुळेना.

पडद्यावर टेकडीचे दोन सरफेस, म्हणजे मोजणीवरून बनवलेले उंचसखलपणाचे नकाशे, होते. एक तीन वर्षांपूर्वीचा, अख्ख्या टेकडीचा. दुसरा परवाचा, रस्ता रुंद करण्यासाठी पायथ्याची पहिली कटिंग, म्हणजे खोदाई, झाल्यावर मोजलेला, फक्त खालच्या उताराचा. नवा जुन्यावर नीट बसवायचा आणि दोघांचा मिळून एक करायचा, एवढंच तिचं काम. पण नव्याची कड जिथे जुन्याला मिळायला हवी तिथे उभी पायरी दिसत होती. सगळीकडे सारखीच. अकरा सेंटिमीटर.

तिने पडद्यावरच रस्त्याखालची जुनी मोरी तपासली. तिला कुणी हातही लावला नव्हता, तरी नवा सर्व्हे तिला अकराने वर दाखवत होता. बाजूचा मोठा खडकही अकराने वर. खडक काही तीन वर्षांत उंच होत नाही. म्हणजे मोजणाऱ्या दोघांपैकी एक जण चुकला होता.

जुना सर्व्हे तिच्या वडिलांचा होता.

निवृत्तीआधीचा त्यांचा शेवटचा सर्व्हे. त्यांचं घर त्याच टेकडीवर, कटिंगच्या बरोबर वर, म्हणून हे काम त्यांनी हौसेने मागून घेतलं होतं. संरक्षक भिंतीचं सगळं डिझाइन त्यांच्याच आकड्यांवर उभं होतं. आपली लेव्हल, म्हणजे मोजलेली उंची, आयुष्यात एकदाही चुकली नाही, हे त्यांनी घरी येणाऱ्या प्रत्येकाला, गॅसवाल्यालासुद्धा, ऐकवलं होतं. आता ते चुकल्याचं सगळ्या ऑफिसला कळलं असतं तर म्हातारा खचलाच असता.

"अहो मॅडम, अकरा सेंटिमीटर म्हणजे अर्धी वीत," साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन म्हणाले. "नवा सरफेस अकराने खाली करा, झालं. सकाळपासून खोदायचं मशीन नुसतं उभं आहे."

"कोण चुकलंय ते कळल्याशिवाय कसं करू, साहेब?"

"तुम्हाला कोण वाटतं?"

त्यांनी मुद्दामच विचारलं असावं. जुन्या सर्व्हेवर कुणाची सही आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ती पुन्हा पडद्याकडे वळली.

"दोन वाजेपर्यंत फाइल हवी," म्हणून ते निघून गेले.

तिने जिन्यात जाऊन घरी फोन लावला. बऱ्याच वेळाने बाबांनी उचलला. धाप लागली होती.

"काय करताय?"

"रंधा मारतोय. पुढचं दार खाली घासतंय. दमट हवा, दुसरं काय! बोल."

"सहज केला. बाबा, टेकडीच्या सर्व्हेची सुरुवात तुम्ही कुठून केली होती?"

"का गं?"

"फाइलमध्ये लिहायचंय."

"उंचीची सरकारी खूण नदीपलीकडे, पुलाच्या खांबावर. रोज कोण तंगडतोड करणार? एकदाच तिथून लेव्हल आणली आणि आपल्या पायरीत बोल्ट ठोकला. चहा घ्यायचा की पायरीवरून काम सुरू. तुमच्या ऑफिसचे मास्तरही परवा मोजायला आले तेव्हा तिथूनच सुरुवात करून गेले. चहा नको म्हणाले, पण बोल्टचं कौतुक केलं हो." त्यांनी रंधा खाली ठेवल्याचा आवाज आला. "आकडे बरोबर आहेत ना?"

"बरोबर आहेत," ती खोटं बोलली.

तिने फोन ठेवला. दोघांची सुरुवात एकाच बोल्टपासून, त्याच्या उंचीचा आकडाही तोच. म्हणजे चूक त्यानंतरची. मास्तरांकडे नवंकोरं यंत्र, आणि बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तर त्या सर्व्हेनंतर झालेलं.

मास्तर म्हणजे ऑफिसचे सर्व्हेअर. येता-जाता सगळ्यांना शिकवत सुटायचे, म्हणून हे नाव पडलेलं. तिने त्यांना गाठलं. "बोल्ट सोडा. सरकारी खुणेपासून लेव्हल आणा आणि मोरी, खडक, सगळं पुन्हा मोजा."

"मी दोनदा तपासलंय, मॅडम."

"तुमच्यावर शंका नाही हो."

"मग कुणावर?"

विचारता विचारता मास्तरच समजले. "जातो," एवढंच म्हणाले.

पुढचे तीन तास तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. डबा उघडला आणि तसाच बंद केला. बाबांना काय सांगायचं, याची वाक्यं ती मनात जुळवत होती आणि एकही धड होत नव्हतं. दर दहा मिनिटांनी साहेब दारातून घड्याळाकडे बघून जात होते.

पावणेदोनला फोन वाजला.

"मॅडम, मोरी जुळली, खडक जुळला, रस्त्याची कडही जुळली. तुमच्या वडिलांची लेव्हल अगदी मिलिमीटरला पक्की! फक्त एक—"

"थँक्यू, मास्तर! थँक्यू!"

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. तिला एकदम रडू फुटलं. डोळे पुसत तिने नवा सरफेस अकराने खाली घेतला आणि जुन्यावर बसवला. पायरी गेली. उंचीच्या रेषा इकडून तिकडे सरळ पार झाल्या, सांधा कुठे होता ते शोधूनही सापडेना. तिने फाइल पाठवली.

"शाब्बास!" साहेब म्हणाले आणि तिच्यासमोरच त्यांनी साइटवर फोन लावला. "फाइल आली. घ्या कटिंग सुरू करून."

तिचा फोन मघापासून थरथरत होता. तिसऱ्यांदा वाजल्यावर तिने उचलला. मागे मशीनची घरघर ऐकू येत होती.

"अहो, माणसाचं पूर्ण ऐकून तरी घ्यावं!" मास्तर तापले होते. "आता सगळे मलाच नावं ठेवणार."

"जाऊ द्या हो मास्तर," ती हसत म्हणाली. "होते एखाद्या वेळी चूक. मी कुणाला सांगणार नाही."

"पण मी चुकलोच नाही ना! सरकारी खुणेपासून एकूण एक बिंदू मोजलाय आज. सगळं जिथल्या तिथे आहे. अकरा सेंटिमीटर खाली गेलीय ती फक्त बोल्टसकट तुमच्या घराची पायरी."