उपाशीपोटीची साखर

यंत्रावर आकडा उमटला. गिरजाबाईची साखर आज बरी होती. बाहेर तिचा मुलगा निकेश टेम्पोत सामान चढवत होता. धरमतरच्या खाडीकाठचं गाव सोडून ती आता कायमची त्याच्याकडे, रोह्याला राहायला निघाली होती.

तिच्या शेजारणीनं, लीयानं, सवयीनं आपलंही बोट टोचलं. खरं तर गिरजाबाईसारखा तिला डायबेटिस नव्हताच. तिला होतं ब्लडप्रेशर. पण चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी गिरजाबाईला वरचेवर साखर तपासायला सांगितलं, आणि तपासायच्या पट्ट्यांचा भाव ऐकून ती मेडिकलच्या पायरीवरून तशीच परत आली. मिठागरात उभा जन्म राबलेली बाई ती, कुणाचं मिंधं होणं तिला ठाऊक नाही. मग लीयानं सरळ थाप मारली, "मला पण साखर निघालीय गो. एलियाह इस्रायलहून ढीगभर पट्ट्या पाठवतो. तारीख उलटून फुकट जातात. तू येत जा सकाळची."

एलियाह, तिचा मुलगा, साधा फोन करायचा नाही. तो कुठल्या पट्ट्या पाठवतोय! लीयाच त्या पेणहून विकत आणायची. पैसे पुरेनात तेव्हा तिनं प्रेशरची गोळी दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. डोकं गरगरायचं. पण सकाळी कडी वाजायची आणि चहाला दोन कप लागायचे. गावातलं ते शेवटचं यहुदी घर. बाकी सगळी मंडळी कधीच इस्रायलला निघून गेलेली. गिरजाबाई गेली की दिवसभर त्या दाराशी कुणी फिरकायचं नाही.

"तुझी साखर कशी गो कधी वाढत नाय?" गिरजाबाई चिडवायची.

"जिभेला लगाम हाय माझ्या," लीया म्हणायची, आणि दोघी पोटभर हसायच्या.

टेम्पोचा हॉर्न वाजला. लीयानं घाईघाईनं यंत्र आणि पट्ट्यांची नवी डबी गिरजाबाईच्या पिशवीत कोंबली.

"ने तुला. रोह्याला कोण देणार हाय? मी दुसरं मागवीन."

गिरजाबाईनं दोन्ही वस्तू बाहेर काढून लीयाच्या हातात दिल्या. पदरानं डोळे पुसून ती म्हणाली,

"ऱ्हाऊ दे गो, तुलाच लागतील. माझी साखर सरकारी दवाखान्यात फुकट बघतात, तू मला बोलावलंस त्याच्या दुसऱ्याच म्हैन्यापासून. मी यायची ती तू सकाळी उठलीस का नाय, तेवढं बघायला."