जवळचा नातेवाईक

लाल चौकट काही केल्या हटेना. वर्षाराणीने तिसऱ्यांदा 'पुढे' दाबलं आणि तिसऱ्यांदा पडद्यावर तीच ओळ आली : जवळच्या नातेवाईकाचे नाव भरल्याशिवाय भरती होणार नाही.

तिच्या भरतीच्या खिडकीसमोर स्ट्रेचरवर चांगुणाबाई पडून होत्या. देगलूरकडच्या एका खेड्यातून आलेल्या. अंगणात घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. गावच्या जीपवाल्याने त्यांना नांदेडला दवाखान्याच्या दारात उतरवलं आणि बाकीची माणसं घेऊन तो पुढे गेला. डॉक्टरांनी तपासून भरतीची चिठ्ठी दिली होती. पण नव्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद पूर्ण झाल्याशिवाय वॉर्डात खाटच दिसत नव्हती.

"आजी, घरचं कोणी सोबत नाही का?"

"मालक वारले की. दहा वर्सं झाली."

"मूलबाळ?"

"ल्योक हाय."

"मग त्याचा नंबर द्या. मी बोलावते."

चांगुणाबाईंनी पदराची गाठ चाचपली आणि सोडून दिली. "कामावर हाय तो. कामात फोन केलेला त्याला चालत न्हाई."

वर्षाराणीला राग आला. आईचं हाड मोडलंय आणि याला फोन चालत नाही. तिने तो राग गिळला आणि दयानंद सरांना फोन लावला. दवाखान्याची सगळी संगणक व्यवस्था सरांकडे होती, नातेवाईकाची ती चौकट त्यांनीच सक्तीची केली होती. प्रशिक्षणाच्या दिवशी ते म्हणाले होते, "मला आईवडील नाहीत. जवळचं माणूस म्हणजे काय, ते मला विचारा. पेशंटमागं कुणीतरी उभं असलंच पाहिजे." ते ऐकून मागच्या रांगेतल्या दोन सिस्टरांनी डोळे पुसले होते.

"नातेवाईकाशिवाय पुढं जाऊ नका," सर फोनवर म्हणाले. "पेशंटचं नाव काय?"

तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"बरं. बघतो मी."

तास गेला. चांगुणाबाईंचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्या कण्हत नव्हत्या. मागची रांग कुरकुरू लागली. हाडांच्या डॉक्टरांचा माणूस दोनदा विचारून गेला. वर्षाराणीने पुन्हा फोन केला आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. "सर, बाई अशाच पडून आहेत. नियम तुमचा आहे. तुम्हीच येऊन सांगा त्यांना."

दयानंद सर आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात 'दयानंद लातूरकर' असं ओळखपत्र. स्ट्रेचरजवळ ते क्षणभरच थांबले.

"आजी, तुमचं कोणीच नाही का इथं?"

चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"न्हाई, साहेब," त्या म्हणाल्या. "कोनी न्हाई."

वर्षाराणी बोलणार होती, की मघाशी तर मुलगा आहे म्हणालात. पण असल्या मुलाला नाही म्हटलेलंच बरं, असं तिला वाटलं.

सर खिडकीच्या आत आले. तिच्या खुर्चीत बसून त्यांनी चौकटीत स्वतःचं नाव टाकलं, स्वतःचा मोबाईल नंबर टाकला. खाली नात्याची यादी उघडली. मुलगा, मुलगी, पती, सून, भाऊ. ते थेट तळाशी गेले आणि 'इतर' निवडलं. संमतीपत्र छापून आलं. त्यावर सही करताना त्यांनी मान वर केली नाही.

पडदा हिरवा झाला. वॉर्ड तीन, खाट अकरा.

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "अशी मान्सं हायेत म्हनून चाललंय."

वॉर्डबॉय मामांनी स्ट्रेचर वळवलं. जाता जाता चांगुणाबाईंनी मान उचलली. "साहेब, जेवलात का?"

रांगेतले दोघंतिघं हसले. खेड्यातली माणसं कुणालाही विचारतात. सर "हो" म्हणाले आणि झपाझप जिन्याकडे गेले.

संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर वर्षाराणी वॉर्ड तीनमध्ये गेली. दिवसभर तो मुलगा तिच्या डोक्यातून गेला नव्हता. राजकन्या सिस्टरने नुकतंच दुखण्याचं इंजेक्शन दिलं होतं. चांगुणाबाईंचे डोळे मिटत होते.

"आजी, उद्या ऑपरेशन आहे," वर्षाराणी खाटेशी वाकून म्हणाली. "मुलाचा नंबर द्या मला. परक्या माणसाने तुमच्यासाठी सही केली. याला काहीच वाटायला नको? चांगली सुनावते त्याला."

चांगुणाबाईंनी चाचपडत तिचा हात धरला. इंजेक्शनने जीभ जड झाली होती.

"त्याच्यावर कामून रागवून राहिलीस, माय," त्या म्हणाल्या. "केली की सही त्यानं."